मालदीवचं रिसॉर्ट ठरवताना: आधी बेट, मग व्हिला

मालदीवचं रिसॉर्ट निवडताना बहुतेक जण व्हिलाचे फोटो बघतात. पाण्यावरचा लाकडी डेक, खाली उतरणारी शिडी, निळंशार पाणी. ते सुंदर असतंच, पण सगळीकडे साधारण सारखं असतं. फरक पडतो तो बेटामुळे. तिथे एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. कंटाळा आला म्हणून शेजारी जेवायला जाता येत नाही, की दुसरा किनारा शोधता येत नाही. त्यामुळे बेट कुठे आहे, तिथे पोचायचं कसं आणि भोवतालचं पाणी कसं आहे, हे आधी बघावं.

सगळ्यात जास्त घोळ पोचण्यात होतो. वेलाना विमानतळ राजधानी मालेला लागून असलेल्या हुलहुले बेटावर आहे. उत्तर आणि दक्षिण माले अटोलमधल्या (अटोल म्हणजे वर्तुळात पसरलेल्या प्रवाळी बेटांचा समूह) रिसॉर्टना स्पीडबोट जाते, गरज पडली तर रात्रीही. लांबच्या अटोलना सीप्लेन (पाण्यावर उतरणारं विमान), किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. सीप्लेनचे वैमानिक पाणी डोळ्यांनी बघूनच उतरतात, म्हणून ते फक्त उजेडात उडतं. दुपारी साडेतीननंतर मालेला उतरलात तर त्या दिवशी सीप्लेन मिळेल याची खात्री नाही. मग रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात काढावी लागते आणि व्हिलाचे त्या रात्रीचे पैसे वाया जातात. परतीचं विमान पहाटेचं किंवा सकाळी लवकरचं असेल तर हाच प्रकार उलटा होतो, आदल्या दुपारीच बेट सोडावं लागतं. म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी रिसॉर्टला वेळा विचाराव्यात. उशिरा पोचणारं विमान पक्कं झालंच असेल, तर स्पीडबोटीच्या अंतरातलं बेट घेणं शहाणपणाचं.

सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं बहुतेक ठिकाणी माणशी ४०० ते ६०० डॉलरच्या घरात जातं, आणि ते खोलीच्या दरात असेलच असं नाही. ट्विन ऑटर जातीच्या या विमानात पंधरा-सोळा जण बसतात. सामान २० किलो आणि हातातली पिशवी ५ किलो, त्यावर गेलं की किलोमागे पैसे. वजनाचं गणित बसलं नाही तर बॅग मागच्या विमानानं येते. औषधं, पोहण्याचे कपडे आणि चष्मा हातातल्या पिशवीतच हवेत.

आता बिलाकडे. दरापुढे अधिकचं चिन्ह दोनदा दिसलं तर त्यात सर्व्हिस चार्ज आणि कर धरलेले नाहीत असं समजावं. ५०० डॉलरच्या खोलीवर १० टक्के सर्व्हिस चार्ज लागला की ५५० होतात. त्या ५५० वर १७ टक्के पर्यटन जीएसटी (जुलै २०२५ पासूनचा दर) धरला की ६४३.५०. शिवाय २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर ग्रीन टॅक्स. म्हणजे दोघांना एका रात्रीला ६६७.५० डॉलर, तेही जेवणाआधी. दर विचारताना सगळे कर धरून अंतिम रक्कम लेखी मागावी. जेवणातही हीच काळजी. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’मध्ये कोणती रेस्टॉरंटं, कोणती पेयं आणि मिनीबार येतो का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. सकाळचा नाश्ता उशिरा आणि पोटभर करणाऱ्यांना हाफ बोर्ड (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) पुरतं. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र दुपारच्या जेवणाचं आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

फोटोतली फिकट निळाई म्हणजे उथळ पाण्याखालची पांढरी वाळू. डुंबायला छान, पण मासे तिथे फार नसतात. स्नॉर्केलिंगसाठी (मुखवटा आणि नळी लावून वरूनच पाण्याखाली बघणं) हवी ती गडद निळी कड, जिथे प्रवाळाचा कठडा संपून तळ एकदम खोल जातो. उपग्रह नकाशावर बेट मोठं करून बघा: ही कड किनाऱ्यापासून पन्नास मीटरवर असेल तर कधीही पाण्यात उतरून मासे बघता येतात. चारशे मीटरवर असेल तर प्रत्येक वेळी बोट आणि तिचं भाडं. ओहोटीला कठड्यावरचं पाणी इतकं कमी होतं की पोट आणि गुडघे प्रवाळावर घासतात. म्हणून खुणा केलेल्या वाटेनंच कडेपर्यंत जायचं, प्रवाह कुठून येतोय ते डाइव्ह सेंटरला विचारायचं आणि सुरुवात त्याच्या विरुद्ध दिशेनं करायची, म्हणजे दमल्यावर परतीला पाणीच मदत करतं. १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापून इथलं बरंचसं प्रवाळ पांढरं पडलं. आज जे जिवंत आहे त्यावर पाय ठेवू नये ही कळकळीची विनंती. पाठीला क्रीम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विम शर्ट घातला तर कातडीही वाचते आणि पाण्यात रसायनंही कमी जातात.

सूर्यास्ताच्या बाजूचा व्हिला महाग असतो, पण मे ते ऑक्टोबरमध्ये नैर्ऋत्य वारा नेमका त्याच बाजूला आपटतो. डेकवर बसवत नाही, शिडीवरून पाण्यात उतरणं अवघड होतं. त्या दिवसांत पूर्वेची बाजू शांत आणि बहुधा स्वस्तही. डिसेंबर ते एप्रिल ईशान्य वारा असतो, तेव्हा पश्चिम बाजूला जास्तीचे पैसे देण्यात अर्थ आहे. मान्टा रे हे मोठे, पसरट मासे बघायचे असतील तर मात्र पावसाळाच गाठावा. बा अटोलमधल्या हनिफारू बेला ते साधारण जून ते नोव्हेंबरमध्ये जमतात. तिथे फक्त स्नॉर्केलिंगला परवानगी आहे, स्कूबाला (हवेची टाकी पाठीवर घेऊन खोल जाणं, म्हणजेच डाइव्हिंग) नाही.

प्रवासाआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ हा सरकारी ऑनलाइन फॉर्म भरायचा, येताना आणि जाताना दोन्ही वेळा. तो मोफत आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर भरू नये. दारू देशात नेता येत नाही, ड्युटी फ्रीची बाटलीही विमानतळावर ठेवून घेतात. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. बरीच रिसॉर्टं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, तेव्हा सीप्लेनची वेळ कळली की ती कोणत्या घड्याळाची हे विचारून घ्यावं. अनेकदा डाइव्ह केले असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास उडायचं नाही, आणि त्यात सीप्लेनही आलं. सकाळी निघायचं असेल तर आदल्या दिवशी सकाळीच डाइव्हिंग थांबवावं आणि दुपार स्नॉर्केलिंगला द्यावी.