आमची वाटचाल : चोकपासून मायक्रोवॅटपर्यंत

वडिलांनी भोसरी एमआयडीसीत सुरू केलं ते चोक आणि छोटे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देण्याचं काम. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकून आल्यावर आम्ही स्वतःचे बोर्डही बनवू लागलो. कंपनांतून वीज घेण्याच्या नादी लागलो ते एका साखर कारखान्यामुळे. पंपांच्या बेअरिंगचं तापमान त्यांना कंट्रोल रूममध्ये दिसायला हवं होतं. वायर ओढणं अवघड, आणि ऐन गाळपात त्या गरम, अडचणीच्या जागी सेन्सरचे सेल बदलायला कोण जाणार?

चार पोलची मोटर ५० हर्ट्‌झवर मिनिटाला १४५०च्या आसपास फिरते. म्हणजे थरथर साधारण २४ हर्ट्‌झची. तेवढ्याला जुळवलेली पीएझो पट्टी (वाकली की वीज देणारी) पंपावर बसवली की वीज मिळते, पण शेकडो मायक्रोवॅट, म्हणजे वॅटचा अगदी किरकोळ अंश. "यावर ऑफिसातला पंखा चालेल का?" असं अजूनही विचारतात. पंखा सोडा, सेन्सरसुद्धा सतत चालत नाही. वीज साठवणारा सुपरकपॅसिटर भरेपर्यंत तो झोपलेला, मग क्षणभर जागा होऊन आकडा पाठवणार आणि पुन्हा झोपणार.

पट्टी बाजारात मिळते, आमचा धंदा तिच्यामागच्या सर्किटचा. २०१० मध्ये लिनिअर टेक्नॉलॉजीची एलटीसी३५८८ चिप आली. उलटसुलट येणारी वीज एका दिशेची करणारा रेक्टिफायर आणि व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा बक कन्व्हर्टर एकातच, आणि लोड नसताना स्वतःचा खर्च एका मायक्रोअँपियरच्याही आत. सुरुवातीचे बोर्ड आम्ही तिच्यावरच केले, आजही साध्या कामाला तीच वापरतो.

पण पट्टी म्हणजे मुळात चार्ज धरून ठेवणारा एक कपॅसिटरच. थरथरीची दिशा बदलली की आधीचा चार्ज उलटा करण्यातच, साध्या ब्रिजमध्ये (चार डायोडच्या रेक्टिफायरमध्ये) अगदी उत्तम व्होल्टेज ठेवलं तरी, निम्मा चार्ज खर्ची पडतो. यावर फ्रान्समध्ये लिऑंचे संशोधक गियोमार आणि सहकाऱ्यांनी तोडगा काढला होता : पट्टी टोकाला वाकली की क्षणभर स्विच लावून एका कॉइलमधून तो चार्ज उलटवायचा. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात कॉइलमध्ये लॉस जास्त असेल तर चार्ज अर्धवटच उलटतो. कोर कोणता, तार किती जाडीची, वळसे कसे, यात आमच्या वाइंडिंगवाल्या मावशींचा हात कोणत्याही सिम्युलेशनपेक्षा पुढे आहे. बाहेरून आणलेल्या तयार कॉइल आम्ही बंदच केल्या.

आता चौकशी आली की पहिला प्रश्न आमचा : मोटर व्हीएफडीवर (वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) आहे का? वेग बदलला की पट्टीची जुळणी सुटते आणि वीज जवळजवळ शून्यावर येते. अशा ठिकाणी आम्ही सरळ सेलवाला सेन्सर देतो. काही ऑर्डर यात हातच्या गेल्या, जाऊ देत.

सध्या पट्टीऐवजी चुंबक-कॉइलच्या प्रकारावर (थरथरीने चुंबक हलून कॉइलमध्ये वीज येते) काम चालू आहे. तिथे व्होल्टेज इतकं कमी की कमी व्होल्टेज खाणारा शॉट्की डायोडही त्यातला मोठा वाटा गिळतो, म्हणून डायोडच्या जागी मॉसफेट (स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर) घातलेत. बोर्ड शेजारच्या गाळ्यातल्या कॉम्प्रेसरवर लावलाय. पुढच्या हंगामाआधी कारखान्यात न्यायचा आहे.