कादंबरीची नोंद ७ : आत्याचा अंगठा

दुसरा खर्डा ४१ हजार शब्दांवर आलाय. मागच्या नोंदीत ४६ हजार होता, म्हणजे दीड महिना पहाटे उठून मी उलटीच चालले. तरी या महिन्यात झोप बरी लागली.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: सांगलीजवळच्या हरिपुरातलं हळद व्यापाऱ्याचं घर, ऑगस्ट २०१९चा महापूर, सगळे माडीवर अडकलेत आणि ट्रंकेतली भिजलेली कागदपत्रं दोरीवर वाळत घातलीत. आत्या २००५च्या पुरात वाहून गेली, असं घरात सांगतात. सांगणारी तिची भाची. प्रकरणांना नावं नाहीत, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी आहे: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, शेवटचं प्रकरण ५७च्या वर.

आधी फजिती सांगते. पहिल्या खर्ड्यात भाची रात्री बॅटरी घेऊन थेट हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरते. मला फार आवडलेलं प्रकरण होतं ते. हमालीत आयुष्य गेलेल्या आमच्या शेजारच्या आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, ही तर तिथंच खपली. म्होरलं लिवायचं कारणच न्हाई." पेवाचं तोंड लहान, पोट मोठं, आत हवा नसते म्हणून तर हळदीला कीड लागत नाही. तोंड उघडून दोन-चार तास तसंच ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. शिवाय २००५च्या पाण्यानं तिथली कितीतरी पेवं गेली, हेही मी सोयीस्कर विसरले होते. प्रकरण काढलं. तसंही पेव दिसलं की वाचक आत प्रेत शोधतोच, आणि मला प्रेत नकोच होतं.

मला हवा होता एक कागद. आता तो सापडलाय: आत्याचं हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला वाटा सोडल्याचा दस्त, नोंदवलेलं, तारीख नोव्हेंबर २००५. वाहून गेली ऑगस्टमध्ये!

याचा कायदा जुळवताना वकील मैत्रिणीनं घाम काढला. ९ सप्टेंबर २००५पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क आला. पण महाराष्ट्रात १९९४लाच दुरुस्ती झालेली, फक्त आधी लग्न झालेल्या मुली तीतून वगळलेल्या. मी आत्याचं लग्न १९९६ला लावलं होतं. ते मागे नेऊन १९९१ला लावलं, म्हणजे तिचा हक्क २००५लाच येतो. (त्यापायी आत्याचा मुलगा चार वर्षांनी मोठा झाला आणि तीन प्रकरणांत त्याला मिशा फुटल्या.) जमीन घेणारा आत्याच्या भावाला म्हणतो, बहिणीची सही आणा. मृत्यूचा दाखला नाही, कारण प्रेतच नाही. बेपत्ता माणूस मेला असं धरायला सात वर्षं जावी लागतात. तेवढा कोण थांबतो? मग दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकापुढे दुसरंच कुणीतरी उभं केलं.

यातून एक गोष्ट आपोआप हाती आली, ती मी ठरवून लिहूच शकले नसते. पहिल्या खर्ड्यातली आजी आत्याचं श्राद्ध करू देत नाही. "माझी लेक येणार हाय." मी ते निव्वळ मायेपोटी लिहिलं होतं. आता तेच वाक्य, एक अक्षर न बदलता, वेगळं वाजतं. ऑगस्टमध्ये मेली म्हटलं, तर नोव्हेंबरचा अंगठा कुणाचा?

खरं अडलंय ते निवेदनात. भाचीला सगळं ठाऊक असून ती वाचकापासून लपवते, अशी लबाडी मला नको. अशी पुस्तकं मी भिंतीवर फेकलीत. तिला ठाऊक आहे, पण चुकीचं ठाऊक आहे, असं हवं. म्हणून दुसऱ्या प्रकरणात ती सहा वर्षांची असतानाची आठवण टाकली: आई तिला कुठल्याशा कचेरीत नेते, बाहेर बाकावर भडंगाची पुडी देऊन बसवते, आणि परत येताना डाव्या हाताची शाई भिंतीला घासत राहते. चुना निघतो, शाई निघत नाही. भाची आजवर समजते, आई तेव्हा मतदानाला गेली होती. शाई अंगठ्याला होती, एवढंच एका वाक्यात, भडंगातल्या लसणाच्या मागे दडवून लिहिलंय. मतदानाची शाई बोटाला लावतात. चौघांना वाचायला दिलं, एकीनं पकडलं. प्रमाण मला बरोबर वाटतं.

दस्तावर फोटोही असतो, हे मात्र उशिरा सुचलं. भिजून चिकटलेली पानं भाची वाफेवर सोडवते, त्या पानावर पदर कपाळापर्यंत ओढलेली बाई. आई की आत्या, शाई पसरल्यानं कळत नाही. हे प्रकरण ५३ फुटांवर ठेवलंय.

आत्या खरंच वाहून गेली का, ते माझंच ठरलेलं नाही. या आठवड्यात फक्त फोटोचा कोपरा लिहायचाय: पदराचं टोक धरलेली, भडंगाच्या तेलानं पिवळी झालेली चार बोटं. मग भाची बाहेर बाकावर बसली होती, हे तिला कुणी सांगितलं?