आमची वाटचाल : आट्यांवर उभा राहिलेला धंदा

२०१४ साली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २९ ऑगस्टला होती. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला चार दिवस उरले असताना पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमधून फोन आला, कपाटाचं दार पाहुण्याच्या पायावर पडलं म्हणून. मी आणि माझा मावसभाऊ भर पावसात म्हापशाहून स्कूटरने निघालो. खोलीत पोहोचलो तर दार आडवं पडलेलं, बिजागऱ्या दाराला तशाच आणि बाजूच्या फळीतून उपसून आलेले चार स्क्रू लादीवर. एक उचलून बोटांत फिरवला. आट्यांत बोर्डाचा ओला भुसा कुळथाच्या पिठासारखा घट्ट बसला होता, डोक्यावरची फुली गंजाने बुजली होती, आणि बोटं तांबडी झाली. हे स्क्रू मी मे महिन्यात स्वतः मारले होते, स्टेनलेसचे म्हणून जास्त पैसे मोजून.

त्या रिसॉर्टची बावीस कॉटेजं आमच्याकडे फर्निचर जोडायला होती. फर्निचर बाहेरून खोक्यांत आलं होतं, सुट्या फळ्या, त्या आवळून धरणारे कॅम, लाकडी खुंट्या म्हणजे डॉवेल आणि पिशवीत स्क्रू. पिशवीतले स्क्रू झिंकचा पातळ मुलामा दिलेले असतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये ते वर्षानुवर्षं चालतात, पण समुद्र दोनशे पावलांवर असला की मुलामा आधी पांढरा पडतो, मग तांबडा. म्हणून मालकाला मीच सांगितलं होतं, बिजागऱ्यांचे आणि हँडलांचे सगळे स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचे घालू. माल एका मोठ्या व्यापाऱ्याकडून उचलला. बिलावर स्पष्ट ३०४ लिहिलेलं. घरी आणून लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही, आणि आम्ही निर्धास्त झालो.

इथेच आम्ही फसलो. तो माल २०२ ग्रेडचा निघाला. त्यात निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं असतं, दिसायला तसाच चकचकीत, आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ च्या स्क्रूला चुंबक कधी कधी हलकंसं ओढतं, कारण स्क्रू थंड तारेतून ठोकून बनवतात. म्हणजे ज्या परीक्षेवर आम्ही विसंबलो, ती खोट्याला पास करणारी आणि खऱ्यावर संशय घेणारी होती. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मेस्ताला, म्हणजे सुताराला, मी आधी हे सांगतो. चुंबक ठेवा बाजूला. परीक्षेच्या द्रावणाची बाटली मिळते. द्रावणाचा थेंब स्क्रूवर टाकायचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीचं टोक लावायचं. लाल रंग चढला की माल परत करायचा.

त्या वेळी बाटलीचं नावही ऐकलं नव्हतं. व्यापाऱ्याकडे गेलो तर तो दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, ‘माल बरोबर आहे, तुमच्या मेस्ताने भोकं मोठी मारली.’ माझा मावसभाऊ तिथेच उभा होता. १८ मिलीमीटरच्या बोर्डाच्या कडेत कन्फर्मॅटसाठी, म्हणजे फळ्या जोडायच्या जाड स्क्रूसाठी, पाच मिलीमीटरचंच भोक पडलं पाहिजे, जाडीच्या बरोबर मध्यात, म्हणून प्रत्येक बिटला टेपची खूण करून काम करणारा माणूस तो. चार मिलीमीटरच्या स्क्रूला अडीचचं भोक, हे तो झोपेतही चुकला नसता. एक शब्द न बोलता तो बाहेर गेला. रिसॉर्टने आमचे तीन लाख चाळीस हजार अडवले, आणि ती बावीस कॉटेजं नव्याने जोडायचं काम त्याच व्यापाऱ्याने आपल्या माणसांना मिळवून दिलं. तुळशीच्या लग्नापर्यंत मावसभाऊ कुवेतला निघून गेला. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या तीन महिन्यांत म्हापशाच्या बाजारात मला ओळखणारे लोक समोरून आले की रस्ता बदलायचे. तीन लाख चाळीस हजारांतला एक रुपया मला आजवर मिळालेला नाही.

तेव्हा धंदा टिकला तो हरमलच्या एका बाईंमुळे. सात खोल्यांचं गेस्ट हाऊस, वय तेव्हाच साठीच्या पुढे. २००९ साली आम्ही भाड्याच्या गाळ्यात एक ड्रिल आणि दोन स्टुलं घेऊन बसलो, तेव्हाचं आमचं दुसरंच काम त्यांचं होतं. नोव्हेंबरमध्ये मी हिशेब मिटवायला गेलो. सगळं सांगितलं. त्या उठून कपाटापाशी गेल्या, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘पुता, हात तुजो बरो. लोखंड वायट.’ मग सातही खोल्यांची आगाऊ रक्कम हातावर ठेवली आणि स्क्रू मीच निवडायचे, पण निवडण्याआधी त्यांना दाखवायचे, अशी अट घातली.

त्या अटीमुळे बरण्या सुरू झाल्या. लोणच्याच्या सहा बरण्या, प्रत्येकीत मोरजीच्या किनाऱ्यावरून आणलेलं समुद्राचं पाणी अर्ध्यापर्यंत आणि दोऱ्याने टांगलेले स्क्रू, अर्धे पाण्यात, अर्धे हवेत. दर रविवारी पाणी बदलायचं आणि वहीत लिहायचं. साधा झिंक पहिल्या आठवड्यातच गेला. काळे ड्रायवॉलचे स्क्रू तर दोन दिवसांत. ते जिप्समच्या छतासाठी असतात, कडक आणि ठिसूळ, तरी लोक अजून कपाटाला मारतात. ४१० सुद्धा स्टेनलेसच म्हणवतं, पण लवकर ठिपके आले. ३०४ वर महिन्यानंतर चहाच्या डागासारखी फिकट झाक आली, पुसली की गेली. ३१६ तसाच राहिला. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खारं पाणी धातूला जिथे टोचा मारतं तिथे ते आड येतं. तेव्हापासून आमचा नियम असा : खोलीच्या आत ३०४, बाल्कनीत, न्हाणीघराच्या दाराशी आणि समुद्राकडच्या भिंतीला ३१६. महाग पडतो. पण एका कपाटाला बिजागऱ्यांचे आणि हँडलांचे मिळून तीस-चाळीसच स्क्रू लागतात, आणि तेवढ्यासाठी कंजुषी करणारं गिऱ्हाईक मी सोडून देतो.

मात्र स्टेनलेस मऊ असतं. कडक पोलादाच्या सवयीने ड्रिल दाबलं की डोकं उडतं किंवा फुली घासते. ड्रिलचा क्लच, म्हणजे आवळण्याचा जोर ठरवणारं कडं, खालच्या आकड्यावर ठेवावा, शेवटचे दोन फेरे हाताने द्यावेत. आट्यांना साबण किंवा मेण लावावं. आणि बिट पाहून घ्यावा. फुलीच्या चार हातांच्या मधे बारीक तिरप्या रेघा असतील तर तो पीझेडचा (पोझिड्राइव्ह) स्क्रू, त्याला साधा पीएच (फिलिप्स) बिट लावला की फिरून फिरून खड्डा पाडतो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी ड्रिल मिळत नाही, त्याला फक्त बिट निवडून वेगळे करायला बसवतो.

कपाट हलवून पुन्हा जोडताना अजून एक. जुन्या भोकात स्क्रू सरळ आवळायला जाऊ नका. आधी उलटा फिरवा. बारीकसा ‘टक’ होतो, हाताला कळतो, तेव्हा तो जुन्या आट्यांत बसलेला असतो. मग आवळा. नाहीतर तो नवे आटे पाडतो आणि भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डात दुसऱ्यांदा पकड राहत नाही. भोक सैल झालंच असेल तर आगपेटीच्या काड्या कोंबू नका. आठ मिलीमीटरचं भोक मारा, गोंद लावून डॉवेल ठोका, रात्रभर सुकू द्या आणि त्यात नवं भोक घ्या. कपाट भिंतीपासून बोटभर लांब आणि प्लॅस्टिकच्या पायांवर उभं करा. पुसायच्या पोत्याचं पाणी फळीच्या खालच्या कडेने बोर्डात चढतं आणि फुगलेल्या बोर्डात कुठलाच स्क्रू टिकत नाही, ३१६ सुद्धा नाही.

पुढची वर्षं कामात गेली. लॉकडाउन आला, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. आता पाच माणसं आहेत, गाळा स्वतःचा आहे, पाटल्या केव्हाच सुटल्या. वादळानंतर हरमलला गेलो, तेव्हा बाईंच्या समुद्राकडच्या खोलीत पाणी शिरून गेलं होतं. बोर्डाची खालची वीतभर कड फुगली होती, ती फळी बदलावी लागली. बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, पुसले आणि तेच परत मारले.

२०१६ पासून आम्ही प्रत्येक कपाटाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी लावतो. त्यावर स्क्रूचा ग्रेड, माप, तारीख आणि कोणी मारला त्याचं नाव असतं. गेल्या वर्षी त्या व्यापाऱ्याच्या माणसांनी जोडलेलं एक कपाट मी कळंगुटला पाहिलं. आत अगदी तशीच चिठ्ठी होती, ग्रेड, माप, तारीख. फक्त मेस्ताच्या नावाची ओळ नव्हती.