घड्याळावर क्लिक

साडेअकराचा पेशंट पंचविशीतला होता. बाइकवरून पडून उजव्या बाजूच्या ब्रेकियल प्लेक्ससला, म्हणजे मानेतून हातात उतरणाऱ्या नसांच्या जाळ्याला मार लागलेला. उजवा हात स्लिंगमध्ये, आणि उजवाच हात आयुष्यभराचा कामाचा. ऑक्युपेशनल थेरपीत डाव्या हाताला कामाला लावायचं आमचं नेहमीचं सामान म्हणजे पेगबोर्ड, चिमटे, नट-बोल्ट. त्यानं ते बाजूला सरकवलं. "मॅडम, हे बास झालं. एका हातानं खेळता येईल असा गेम सांगा."

मोबाइलवरचे गोळीबाराचे गेम दोन अंगठ्यांचे, ते बादच. मी बाल्डर्स गेट सुचवला. मूळ गेम १९९८चा, पण आपण घ्यायची ती २०१२ची एन्हान्स्ड एडिशन. सहा जणांपर्यंतची पार्टी, तलवारी, धनुष्यं, मंत्र. लढाई चालू वेळेत होते, पण हवी तेव्हा थांबवता येते. थांबलेल्या अवस्थेत प्रत्येकाला हुकूम द्यायचा आणि पुन्हा चालू करायचं. यात बोटांच्या वेगाला काही किंमत नाही. मेनू सगळा इंग्रजीत, पण त्याची त्याला अडचण नव्हती.

पुढच्या वेळी तो लॅपटॉप घेऊन आला. खेळाआधी पंधरा मिनिटं मांडणीतच गेली. दुखरा हात उशीवर, कोपर लटकता नाही. डावा कोपर टेबलावर टेकलेला, माउसखाली न घसरणारी चटई. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये मुख्य बटण उजवं केलं, कारण डाव्या हाताची तर्जनी उजव्या बटणावर पडते. कर्सरचा वेग निम्म्याच्या खाली आणला. त्याच्या मित्रानं खास गेमिंग माउस दिला होता, तो परत पाठवला. त्याची बाजूची बटणं उजव्या अंगठ्यासाठी असतात, डाव्या हातात ती करंगळीकडे येतात आणि नको तेव्हा दाबली जातात.

कीबोर्डवर स्पेसबारनं गेम थांबतो, १ ते ६ आकड्यांनी पार्टीतला एकेक जण निवडला जातो, एफ१ ते एफ१२ ही खालच्या पट्टीवरची बटणं. पण माउस सोडून हात कीबोर्डवर न्यायचा आणि परत आणायचा, तेवढ्यात एक सैनिक मेलेला असतो. सुदैवानं यातली प्रत्येक गोष्ट पडद्यावरही आहे. उजवीकडच्या चेहऱ्यावर क्लिक केलं की तो माणूस निवडला जातो, आणि डावीकडे खाली कोपऱ्यात घड्याळ आहे, त्यावर क्लिक केलं की वेळ थांबते. वर्षानुवर्षं खेळलेल्यांनाही हे घड्याळ नुसतं शोभेचं वाटतं.

शिकायला मी गेममधल्या फ्रेंडली आर्म इन या सराईचा दरवाजा निवडला. पायऱ्यांजवळ टार्नेश नावाचा मांत्रिक उभा असतो, नाव विचारतो आणि लगेच हल्ला करतो. नवख्यांची पहिली दमछाक बहुधा इथेच होते. पार्टीत चौघं, सगळे पहिल्या पातळीचे: त्याचा योद्धा, इमोएन, माँटारॉन आणि मांत्रिक झार.

पहिला प्रयत्न वीस सेकंदांत संपला. त्यानं योद्ध्याला निवडलं आणि टार्नेशवर क्लिकचा सपाटा लावला, टक टक टक टक. मोबाइलच्या गेममधली सवय. मी विचारलं, "किती वार झाले?" म्हणाला, "पंधरा तरी." प्रत्यक्षात तीनच. एक फेरी ६ सेकंदांची, आणि त्याच्या पहिल्या पातळीच्या योद्ध्याला तलवारीनं फेरीत एकच वार मिळत होता. तुम्ही कितीही क्लिक करा. धनुष्यानं मात्र दोन बाण सुटतात, म्हणून सुरुवातीला धनुष्य जवळजवळ नेहमीच सरस.

तीन वारांतला एकही लागला नव्हता. ऑप्शन्समध्ये फीडबॅक म्हणून भाग आहे, तिथे हल्ल्याचे फासे दाखवण्याची खूण केली. मग खालच्या मजकुरात प्रत्येक वाराचं गणित दिसायला लागलं. त्याच्या योद्ध्याचा थॅको, म्हणजे वार लागण्याचा मूळ आकडा, २०. हा आकडा जितका कमी तितका चांगला. त्यातून समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, वजा करायचा, आणि वीस बाजूंच्या फाशावर तेवढं किंवा जास्त पडलं तर वार लागतो. आर्मर क्लास ४ असेल तर १६ हवेत, म्हणजे वीसपैकी पाच वेळा, २५ टक्के. चिलखत नसलेल्याचा आर्मर क्लास १० असतो, मग १० पुरतात, ५५ टक्के. हे कळल्यावर त्याचं "गेम हँग होतोय" बंद झालं.

दुसऱ्या प्रयत्नात झारचा घोळ. मंत्राचं बटण दाबलं, टार्नेशवर लावला, झार पुटपुटायला लागला, आणि यानं अधीर होऊन जमिनीवर क्लिक केलं. झार चालायला लागला. मंत्र गेला, आणि त्या दिवसाचा साठाही गेला, आता विश्रांती घेतल्याशिवाय परत नाही. मंत्राला लागणारा वेळ फेरीच्या दहाव्या भागात मोजतात. २ लिहिलं असेल तर सव्वा सेकंदाच्या आसपास. तेवढा वेळ त्या माणसाला हात लावायचा नाही. उलट हीच गोष्ट शत्रूवर वापरायची: तो पुटपुटत असताना त्याला जखम झाली की त्याचा मंत्र तुटतो.

तिसऱ्यांदा टार्नेशचा हॉरर, म्हणजे भीती घालणारा मंत्र, पडला. चौघं एकमेकांना चिकटून उभे होते आणि हा मंत्र एका ठरावीक परिघात सगळ्यांवर पडतो. तिघांच्या पायाखालची हिरवी वर्तुळं पिवळी झाली. पिवळं म्हणजे घाबरला, आता तुमचं ऐकणार नाही. तो तरी क्लिक करत राहिला. चिडला होता. डाव्या मनगटाचा स्नायू ताठलेला मला दिसत होता, म्हणून माउसवरून हात काढायला लावला आणि पाच मिनिटं फक्त बोललो.

मग ऑटो-पॉज लावला. हे मी आधीच करायला हवं होतं. गेमप्लेच्या ऑप्शन्समध्ये त्याची यादी आहे. चालू ठेवायचे: शत्रू दिसला, लक्ष्य मेलं, आपला माणूस जबर जखमी झाला, शस्त्र निकामी झालं (बाण संपले की हाच थांबवतो, नाहीतर धनुर्धारी मोकळा उभा राहतो), आणि शिकेपर्यंत फेरी संपली. बंद ठेवायचे: आपल्यावर हल्ला झाला आणि आपल्याला वार लागला. हे दोन चालू असले की गेम क्षणाक्षणाला थांबतो आणि माणूस वैतागून सगळंच बंद करून टाकतो. पार्टीची एआयसुद्धा बंद केली, नाहीतर इमोएन आपल्या मनानं शत्रूच्या अंगावर धावते.

एक फट मात्र राहते. शत्रू दिसल्याचा थांबा टार्नेशला लागू पडत नाही, कारण बोलेपर्यंत तो शत्रू नसतोच, त्याचं वर्तुळ निळं असतं. संभाषणाची शेवटची ओळ गेली की त्याच क्षणी स्वतः थांबवावं लागतं. म्हणून कर्सर आधीच घड्याळाकडे न्यायची सवय.

चौथा प्रयत्नही हरला, पण मांडणी बरोबर होती. पाचव्याला त्यानं बोलणं सुरू होण्याआधीच सगळ्यांना पांगवलं. योद्धा धनुष्य घेऊन डावीकडे, इमोएन उजवीकडे लांब, झार पायऱ्यांच्या पार खाली, माँटारॉन एकटा जवळ. शेवटची ओळ, घड्याळ, थांबलं. चार चेहरे, तीन हुकूम. झारला त्यानं मुद्दाम काहीच दिलं नाही, पुढच्या थांब्यासाठी राखून ठेवला. मला ते आवडलं.

टार्नेशनं मिरर इमेज हा मंत्र पूर्ण केला, त्याच्याभोवती त्याच्याच प्रतिमा उभ्या राहिल्या. पेशंट म्हणाला, "आता?" आता काही नाही. बाण प्रतिमेला लागला तर एक प्रतिमा जाते, तेही कामच आहे. इथे जोरदार एक वार नको, बारीक बारीक पुष्कळ हवेत. फेरी संपली, गेम थांबला, त्यानं इमोएनचं लक्ष्य तेच ठेवलं. सराईचे पहारेकरीही धावून आले. टार्नेश पुन्हा पुटपुटायला लागला आणि बाण खऱ्या अंगाला लागला. मंत्र तुटला. पुढच्या फेरीत तो पडला.

प्रेताजवळ त्याच्याच नायकाच्या डोक्यावर लावलेल्या बक्षिसाचं पत्र मिळतं. ते उघडायच्या आधी त्यानं कर्सर कोपऱ्यात नेला, वेळ थांबवली आणि मग माउस सोडून बोटं मोकळी केली. मी फाइलमध्ये लिहिलं: डावा हात, माउस, ४० मिनिटं, मध्ये एक विश्रांती, लक्ष्यावर क्लिक चुकलं ते पहिल्या दहा मिनिटांतच.

"आत दोघं भेटतात ना पार्टीत यायला?" त्यानं विचारलं. खालिद आणि जाहिरा. म्हणजे सहा चेहरे, आणि खालचे दोन पडद्याच्या तळाशी, डाव्या मनगटाला जरा लांब. पुढच्या वेळी टेबल दोन इंच खाली घ्यायचं ठरलं.