चार मजले वरचा डबा

कंपोस्टचा डबा मी आधी गच्चीवर ठेवला होता. घरात वास नको, किडे नकोत, एवढाच हिशेब. गच्ची आमच्यापासून चार मजले वर. पहिला आठवडा सालं-देठं घेऊन रोज चढले, मग एक दिवसाआड. महिन्याभरात ओट्याखालच्या भांड्यातला कचरा आंबायला लागला आणि एका रात्री मी तो गुपचूप कचऱ्याच्या पिशवीत कोंबला.

पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रीतीने बाग-शेती आखायची पद्धत, हा शब्द १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी घडवला. त्यातली झोनची कल्पना आधी नीट वाचली असती, तर माझे गुडघे वाचले असते. झोन शून्य म्हणजे राहतं घर, झोन पाच म्हणजे हात न लावलेलं रान. जिथे रोज जायचं ते दाराशी, क्वचित बघायचं ते लांब. माझ्याकडे रान कुठलं! माझा सगळा कारभार ओट्यापासून सात पावलांत.

डबा गॅलरीत आणला. वास आला का? आला, सडक्या अंड्यासारखा. कचरा ओला गच्च, हवा जायला जागाच नाही. वाळक्या पाल्यात कार्बन जास्त, ओल्या सालांत नायट्रोजन; दोन्हींचं प्रमाण साधारण ३० ला १ हवं असं सांगतात. मी काही तराजू घेऊन बसत नाही. एक वाटी सालं टाकली की दोन वाट्या वाळका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा वर टाकते. मूठभर घेऊन पिळलं आणि एखादा थेंब सुटला, तर ओल बरोबर. चार दिवसांत वास गेला.

मग जाड, मळकट पांढऱ्या अळ्या निघाल्या. मी झाकण टाकून आत पळाले. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या होत्या. ओला कचरा झपाट्याने फस्त करतात आणि मोठी झालेली माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर घोंघावत नाही. आता त्या दिसल्या तर मी नुसतं झाकण लावते.

एक गोष्ट मात्र छोट्या डब्यात होत नाही. घनमीटरभर ढीग असला की तो आतून ५५ अंशांच्या वर तापतो आणि बिया मरतात. माझा डबा जेमतेम कोमट होतो. त्यामुळे खत घातलेल्या प्रत्येक कुंडीत टोमॅटो उगवलाय, गुलाबाच्यासुद्धा. उपटायचे म्हणून तीनदा गेले. एकाला फुलं आलीत, गुलाबाला अजून नाहीत.