48 बेसिक निवडलं, तरी मशीन 48 होत नाही

रविवार, नाशिक. बाहेर पावसाची रिपरिप, टेबलावर झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या ब्रिटिश घरगुती संगणकाची नंतरची दोन भावंडं: राखाडी प्लस टू (1986) आणि काळा प्लस थ्री (1987). खेळांच्या कॅसेटी मात्र सगळ्या 1982 च्या मूळ 48के, म्हणजे 48 किलोबाइट मेमरीच्या मशीनसाठी लिहिलेल्या. हे जुने खेळ नव्या मशीनवर का अडतात, आजची नोंद तेवढ्यापुरतीच.

मेन्यू आला की हात सवयीने टेप लोडरकडे जातो. पहिली गोची तिथेच. तो पर्याय 128 बेसिकमध्येच, म्हणजे 128 किलोबाइट मेमरीसाठीच्या नव्या बेसिकमध्येच राहतो आणि मेमरीतल्या 23296 या पत्त्यापासूनचे 256 बाइट स्वतःच्या कामाला वापरतो. 48के मध्ये तो प्रिंटरचा बफर. प्रिंटर होता कितीजणांकडे? म्हणून प्रोग्रामरांनी तिथे बिनधास्त मशीन कोड (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा) कोंबला. टेप नीट लोड होते आणि सुरू होताच मशीन गोठतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. दुसरी गंमत अक्षरांची: स्वतः काढायच्या चित्राक्षरांपैकी टी आणि यू यांचे कोड, 163 आणि 164, नव्या बेसिकने 'स्पेक्ट्रम' आणि 'प्ले' या आज्ञांना देऊन टाकले. खेळातल्या भुताच्या जागी पडद्यावर अख्खा 'प्ले' उमटतो!

म्हणून मेन्यूतून 48 बेसिकच निवडायचं. 'जे' ही कळ दाबली की लोड उमटतं, मग सिंबॉल शिफ्ट धरून 'पी' दोनदा (दोन अवतरणचिन्हं), एन्टर. प्लस टूच्या कळांवर बहुतेक आज्ञा छापलेल्याच नाहीत, तेव्हा जुन्या कीबोर्डचा फोटो जवळ असू द्यावा. या वाटेने गेलं की 32765 या पोर्टचा (प्रोसेसर बाकीच्या चिपांना आकडे पाठवतो त्या वाटेचा) बिट 5 लागतो आणि मेमरीच्या तुकड्यांची अदलाबदल रीसेटपर्यंत बंद होते. 128 बेसिकमधून रँडमाइझ यूएसआर 0 (पत्ता 0 वरचा मशीन कोड चालवायची आज्ञा) केलं तर समोर 48 बेसिकच दिसतं, पण हे कुलूप लागत नाही. मग खेळाने भलत्याच पोर्टवर टाकलेला एखादा आकडा पायाखालची मेमरी बदलून जातो.

आता खरी खोच. खेळाला सेकंदाला 50 वेळा येणारा इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) स्वतःकडे वळवायचा असतो. त्यासाठीचा पत्ता ज्या तक्त्यात असतो तो रॅममध्ये ठेवायचा तर 257 बाइट जातात. 48के च्या रोममध्ये मात्र 1170 बाइट नुसते 255 ने भरलेले, फुकटचे. प्रोसेसरच्या आय रजिस्टरमध्ये (तक्ता कुठे आहे हे सांगणाऱ्या कप्प्यात) 57 ठेवा: 14847 आणि 14848 वाचले जातात, दोन्हीकडे 255, उडी 65535 वर. तिथे 24, म्हणजे जेआर, जवळपास उडी मारायची आज्ञा. किती उडायचं हा आकडा पुढच्या पत्त्यावर, म्हणजे गोल फिरून 0 वर, रोमच्या पहिल्या बाइटमध्ये: 243, उणे 13. गाडी थांबते 65524 वर, जिथे खेळाचा स्वतःचा कोड बसलेला. काय डोकं चाललंय! पण 128 (प्लस टूच्या आधीचं मॉडेल) आणि राखाडी प्लस टूमध्ये त्या मोकळ्या जागेत वेगळ्या कीपॅडचा कोड आला. ज्याचा तक्ता नेमका त्यावर पडतो तो खेळ 48 बेसिकमध्येही लटकतो, कारण रोम तीच राहते.

वेळेचा फरक त्यामानाने किरकोळ. 48के ची एक फ्रेम (पडद्यावरचं एक पूर्ण चित्र) 69888 टी-स्टेटची, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांची, नंतरच्यांची 70908. बॉर्डरवरचे रंगीत पट्टे तिरके होतात, खेळ चालतो.

डबा राखाडी की काळा, हे आधी पाहावं. काळे प्लस टूए आणि प्लस थ्री यांच्यात यूएलए या पडदा सांभाळणाऱ्या चिपच्या जागी गेट ॲरे नावाची वेगळी चिप आहे. पोर्ट 255 वाचून पडद्याची रेघ कुठे आली हे ओळखण्याची युक्ती तिथे फसते. मूळ अर्कनॉइड हा खेळ म्हणूनच काळ्यावर रडतो, राखाडीवर पळतो. प्लस थ्रीच्या बेसिकमधून कॅसेट चालवायची तर आधी लोड "टी:" द्यावं, नाहीतर मशीन डिस्क शोधत बसतं.

आवाजाचं दुखणं खास आपल्याकडचं. 48के ला पोटातच स्पीकर होता. या दोन्हींचा आवाज टीव्हीतून येतो. ब्रिटिश मशीन आवाज चित्रापासून 6 मेगाहर्ट्झवर पाठवतं, आपले जुने टीव्ही तो 5.5 वर शोधतात. चित्र स्वच्छ, आवाजाच्या जागी खरखर. एम. जी. रोडवर नवा टीव्ही बघत फिरण्याआधी प्लस थ्रीच्या मागचं टेप-साउंड सॉकेट पाहावं: 3.5 मिमीची स्टीरिओ पिन लावून तिथून आवाज थेट ॲम्प्लिफायरला नेता येतो.