आमच्या डी अँड डी कॅम्पेनचा फीडबॅक घेताना काय काय झालं (माझा अनुभव)

डीएमने (म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याने, आमच्यात तो मी) प्लेयर्सकडून फीडबॅक घ्यावा हे सगळेच सांगतात, पण घेतल्यावर जे हातात येतं त्याचं करायचं काय हे कोण सांगत नाही, म्हणून म्हटलं आपलं झालं ते लिहून टाकू, कोणाला उपयोगी पडलं तर पडलं.

आमचा ग्रुप गोव्यातल्या फोंड्याचा. आमच्या घरी वरच्या खोलीत डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, डीएम गोष्ट सांगतो आणि काय जमलं काय फसलं ते फाशांवर ठरतं, फिफ्थ एडिशन, तेपण २०१४ वालेच नियम, २०२४ ची नवीन पुस्तकं आली खरी पण ती घ्यायला वर्गणी काढू म्हटलं की सगळ्यांना घरची कामं आठवतात. खेळणारे चौघे, नावं देत नाही, क्लासवरूनच, म्हणजे पात्राच्या प्रकारावरूनच ओळखा (फायटर लढवय्या, रॉग चोरटा, विझार्ड जादूगार, क्लेरिक पुजारी). फायटर वेर्ण्याला फार्मा कंपनीत शिफ्टवर असतो, रॉग म्हणजे माझा मावसभाऊ, कॉलेजात, विझार्ड त्याचाच दोस्त, आणि क्लेरिक म्हणजे आमच्या वहिनी, ज्या पहिल्यांदा नुसत्या चहा द्यायला वर आल्या आणि बसल्या त्या बसल्याच.

गोष्ट (म्हणजेच कॅम्पेन) माझीच, होमब्रू म्हणजे घरी रचलेली, कुर्डीवरून सुचलेली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, सांगे तालुक्यातला कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेला, लोकांना उठवून दुसरीकडे वसवलं, आणि दरवर्षी पाणी उतरलं की मे महिन्यात गाव परत वर येतो, म्हणजे घरांची जोती, वाटा, मोडक्या भिंती वगैरे, आणि मूळ गावकरी सोमेश्वराच्या देवळात उत्सवाला जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी ते हेच. तर माझ्या कॅम्पेनमध्ये असाच एक गाव थोडे दिवस पाण्यातून वर येतो, त्याच्याखाली भुयार आहे, आणि पाऊस लागायच्या आत पार्टीने, म्हणजे या चौघांच्या पात्रांनी, आत जाऊन बाहेर यायचं. भुयाराचा नकाशा मी पणसायमळवरून उचलला, कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत ना, बैल, हरणं आणि ते चक्रव्यूहासारखं गोल गोल, तेच कागदावर मोठं करून काढलं.

सुरुवातीला फीडबॅक म्हणजे मी सेशन संपल्यावर विचारायचो "कसं वाटलं रे?" आणि उत्तर ठरलेलं, "मस्त जालें". आपल्याकडे तोंडावर वाईट सांगायची पद्धतच नाही, त्यातून घर माझं, चहा माझ्या घरचा, मग कोण कशाला बोलेल. मग ऑनलाइन फॉर्म केला, १ ते ५ मार्क द्या, स्टोरी, कॉम्बॅट, रोलप्ले, सगळं वेगवेगळं. सगळ्यांनी सगळीकडे ५ दिले. फायटरने सूचनांच्या रकान्यात नुसतं एक टिंब टाकलं होतं कारण तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म सबमिट होत नव्हता.

आणि हेच लोक सेशन संपवून रोस ऑम्लेटच्या गाड्यावर गेले की काय बोलायचे! ऑम्लेटवर शागुतीचा रोस पडेपर्यंत अख्ख्या सेशनचं पोस्टमॉर्टेम झालेलं असायचं, ते भूत मरतच नव्हतं, तो दरवाजा उघडायला किती वेळ घालवला, राखणदाराचा आवाज कसला भारी काढतोस, सगळं. मी बाजूला उभा राहून पाव मोडत ऐकायचो आणि घरी येऊन लिहून ठेवायचो. माझ्या मते खरा फीडबॅक तोच, कारण तेव्हा कोणी मला मार्क देत नसतो, सगळे आपापसात बोलत असतात. फक्त वहिनी गाड्यावर येत नाहीत, त्यांचं पार्सल असतं, त्यामुळे त्यांचं काही कळायचं नाही, आणि तेच पुढे महागात पडणार होतं.

मग मी विचारायची पद्धत बदलली. स्टार्स अँड विशेस म्हणून एक साधा प्रकार आहे, सेशनच्या शेवटी प्रत्येकाने एक आवडलेली गोष्ट सांगायची, ती दुसऱ्या प्लेयरची असली तर उत्तम, आणि पुढे काय व्हावं असं एक मागणं मागायचं. मागणं मागायला कोण लाजत नाही, देवाकडे मागतोच की आपण. शिवाय मी दोन प्रश्न माझे घातले. एक, "आज कुठल्या वेळी मोबाईल हातात घेतलास?" आणि दुसरा, "पुढच्या वेळी सगळ्यात आधी काय करणार?" पहिल्याने कंटाळा कुठे आला ते कळतं आणि दुसऱ्याने गोष्टीतलं काय डोक्यात राहिलं ते. "कसं वाटलं" पेक्षा हे दोन प्रश्न कितीतरी कामाचे, कारण यात मत द्यायचंच नसतं, काय झालं तेवढं सांगायचं असतं.

स्टार्समध्ये राखणदार पहिला आला, आणि अजून पहिलाच आहे. गावाच्या वेशीवरचा एनपीसी, म्हणजे मी डीएम म्हणून चालवतो ते पात्र, हातात घुंगुरकाठी, विडी दिल्याशिवाय वाट सांगत नाही, आणि रोट ठेवायला विसरलात तर रात्रभर तुम्हाला त्याच वाटेवर फिरवतो. त्याची तयारी मी जेवता जेवता केली होती. ज्या राजाच्या वंशावळीवर मी कितीतरी रात्री घालवल्या त्याचं नावसुद्धा कोणाच्या लक्षात नाही, असो.

आता विशेस. इथे मला जे कळलं ते असं की प्लेयर दुखतंय कुठे ते बरोबर सांगतो पण औषध बहुतेक वेळा चुकीचं सांगतो. तक्रार खरी धरायची, उपाय मात्र आपण शोधायचा.

रॉगची तक्रार होती की त्याचं कॅरॅक्टर निकामी आहे, डॅमेजच होत नाही, तर त्याला डबल डॅमेजवाली तलवार दे. मी दिली असती तर बाकीचे रुसले असते. मी पुढच्या लढाईत तो काय करतो ते नीट बघितलं, तर हा पठ्ठ्या दर टर्नला आधी लपायला जायचा, लपायचा रोल फसला की स्नीक अटॅक (रॉगचं जादा डॅमेज) सोडून द्यायचा. नियमात काय आहे, तर अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) असेल तर स्नीक अटॅक मिळतोच, पण शत्रूच्या ५ फुटांत तुमचा एखादा साथीदार उभा असेल आणि तुम्हाला डिसअॅडव्हांटेज (दोनातला लहान धरायचा) नसेल तरीपण मिळतो. म्हणजे फायटर समोर भिडलेला असताना याला लपायची गरजच नव्हती. पान उघडून दाखवलं, दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला "हें आदीं सांगूंक जाय आशिल्लें" (हे आधी सांगायला हवं होतं), आणि त्याच सेशनमध्ये त्याने तीन भुतं लोळवली. तलवारीचा विषय परत निघाला नाही.

लढायांबद्दल तर सगळ्यांचं एकमत, फार लांबतात, कमी कर. आता लढाया कमी केल्या तर रॉग आणि फायटर येऊन करणार काय? मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून ठेवलं, कोणाला न सांगता. खेळातला एक राउंड म्हणजे सहा सेकंद, आमचा एक राउंड अर्ध्या तासाच्या घरात जात होता, आणि त्यातला मोठा भाग विझार्ड स्पेल वाचण्यात घालवत होता, कारण त्याची टर्न आली की तो पुस्तक उघडायचा, तेव्हा उघडायचा! मग बाकीचे मोबाईल काढायचे, मग त्यांची टर्न आली की "कितें जालें, कोण खंय आसा?" (काय झालं, कोण कुठे आहे) पासून सुरुवात. लढाई लांब नव्हती, वाट बघणं लांब होतं.

यावर तीन गोष्टी केल्या. एक, इनिशिएटिव्हच्या (कोणाची टर्न कधी त्याच्या) चिठ्ठ्या दुमडून माझ्या स्क्रीनवर, म्हणजे डीएमपुढे उभा करतात त्या आडोशावर, टांगल्या, सगळ्यांना दिसतील अशा, आणि दर वेळी "आता फायटर, मागोमाग विझार्ड, तयार राहा" असं ओरडायला लागलो. दोन, भुतांचं डॅमेज रोल करणं सोडून दिलं. त्यांना मी गॉब्लिनचाच स्टॅट ब्लॉक (पुस्तकातला आकड्यांचा तक्ता) लावतो, त्यात १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक दोन) च्या शेजारीच सरासरी ५ छापलेली असते, मग कशाला फासे टाकत बसा, ५ म्हणजे ५. तीन, अर्धी भुतं पडली की उरलेली पळतात, शेवटचं भूत मरेपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवायचं नाही. लढाया तेवढ्याच आहेत, पण "फार लांबतं" हे मागणं बंद झालं. विझार्डचं स्पेल वाचणं मात्र चालूच, त्याच्यावर येतो पुढे.

वहिनींचं प्रकरण वेगळं. त्यांचं माहेर कुर्डीतून उठलेल्यांपैकी, हे मला माहीत होतं, कॅम्पेन सुरू करताना विचारलंसुद्धा होतं, त्या म्हणाल्या होत्या "कर की, मजा येईल". सेशन झिरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) कुठले विषय नकोत ते सगळ्यांना विचारलं होतं, टेबलावर एक्स कार्डपण ठेवलेलं, ज्याला काही खटकेल त्याने कार्डाला नुसता हात लावायचा, कारण सांगायची गरज नाही, सीन पुढे ढकलायचा. तर एका सेशनला पार्टी पाण्यातून वर आलेल्या एका घरात शिरली, रॉगने अंगणातलं तुळशीवृंदावन फोडून बघतो म्हणून रोल केला, १७ पडले, खाली हंडा निघाला, गोल्ड वाटून घेतलं, सगळे हसतायत. वहिनींनी वाटा घेतला नाही, "क्लेरिकला कशाला" म्हणाल्या. त्या दिवशीच्या त्यांच्या स्टार-विशमध्ये काहीच विशेष नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांचा व्हॉइस नोट आला, वर-खाली एकाच घरात राहून व्हॉइस नोट, यावरूनच समजलो. "भावजी, ते गाव काढून टाकता का, दुसरं काहीतरी घ्या, जंगल वगैरे." आता अख्खं कॅम्पेन गावावर उभं, पण ठीक आहे, काढायचं तर काढू म्हटलं. फक्त खाली जाऊन एवढंच विचारलं की नेमकं कधी खटकलं. त्या भाजी चिरत होत्या, चिरता चिरताच म्हणाल्या, "मे महिन्यात आम्ही जातो तेव्हा आई आधी वृंदावनाची जागा शोधते. घराचं बाकी काही कळत नाही आता, पण ती जागा बरोबर सापडते तिला. तिथे पणती लावतो आम्ही." आणि मग स्वतःच म्हणाल्या, "भुतं असू देत हो, भुतांचं काही नाही."

म्हणजे गाव नको नव्हतं, गावातली घरं लुटणं नको होतं. त्यांच्या परवानगीने मी ग्रुपला तेवढं सांगितलं, रॉगचा चेहरा पडला, त्याला मी म्हटलं तुझी काय चूक, हंडा मीच ठेवलेला. पुढच्या सेशनपासून घरांत लूट नाही, जी काय लूट ती खाली भुयारात. आणि वृंदावनापाशी जो दिवा लावेल त्या पार्टीला त्या रात्री त्या अंगणात लाँग रेस्ट (रात्रीचा लांब आराम) सुरक्षित, पाण्यातलं काही जवळ येणार नाही, हा नियम वहिनींनीच सुचवला. आता पार्टी नव्या घरात शिरली की आत काय दिसतं ते मी सांगत नाही, वहिनी सांगतात, जोत्याची पायरी कुठे, न्हाणी कुठे, विहिरीचा कठडा कसा खचलाय, आणि त्या बोलत असताना मोबाईल कोणाच्याच हातात नसतो. एक्स कार्डाला हात का नाही लावला ते मी नंतर विचारलं, तर "सगळे हसत होते, मध्येच कुठे थांबवू". त्यामुळे कार्ड टेबलावर अजून आहे पण मी त्याच्या भरवशावर राहत नाही, ज्या दिवशी कोणी नेहमीपेक्षा कमी बोलतो त्याला दुसऱ्या दिवशी वेगळं विचारतो.

अर्थात गप्प बसणारा प्रत्येक जण दुखावलेलाच असतो असंही नाही. आमचा फायटर बोलतच नाही. तो कंटाळतोय असं मला वाटायचं म्हणून मी त्याच्यासाठी खास सीन लिहायचो, त्याचा हरवलेला भाऊ, त्याच्याशी एकट्याशी बोलणारी राणी. शेवटी एकदा मोटरसायकलवर मागे बसून जाताना त्यानेच सांगितलं, "मला बोलायला लावू नको पात्रांव (म्हणजे मालक), दिवसभर कंपनीत बोलणंच चालू असतं, मी फासे टाकायला नि तुमचं ऐकायला येतो." राणी रद्द.

डीएमनेही प्लेयर्सना फीडबॅक द्यायचा असतो, तो मी सगळ्यांसमोर कधीच देत नाही, एकेकट्याला, आणि एका वेळी एकच गोष्ट. रॉगला सांगितलं की नकाशावर चहाचा कप ठेवू नको. विझार्डला दोन गोष्टी सांगायच्या होत्या, वहिनींच्या मध्ये बोलतोस आणि स्पेल आधी वाचत नाहीस, त्यातली आधी पहिली सांगितली, ती सुधारली, मग दुसरी. दुसरीला तो म्हणाला स्पेल खूप आहेत, लक्षात कसे राहणार, तर ठरलं असं की प्रत्येक स्पेलचं एक छोटं कार्ड करायचं, रेंज, सेव्ह, डॅमेज, कॉन्सन्ट्रेशन आहे की नाही, बस्स. कार्डं त्यानेच लिहायची, मी नाही.

त्याचा विश मात्र दर सेशनला एकच असतो, फायरबॉल दे. फायरबॉल थर्ड लेव्हलचा स्पेल, पण स्पेलची लेव्हल वेगळी आणि पात्राची वेगळी, विझार्डला तो स्वतः पाचव्या लेव्हलला पोचल्यावर मिळतो, आमची पार्टी आत्ता तिसऱ्यावर आहे. मी त्याला दर वेळी हेच सांगतो आणि तो दर वेळी हेच लिहितो. आता चवथ (गणेश चतुर्थी) आहे, सगळे आपापल्या मूळ घरी, त्यामुळे सेशन एकदम विसर्जनानंतर, तोपर्यंत कार्डं लिहून होतील असं तो म्हणालाय.